कुंडीतील कुलंजन : शोभेसाठी नव्हे, ओळखीसाठी

वैद्याच्या अंगणात चार औषधी वनस्पती असाव्यात, हा संकेत आपल्याकडे फार जुना आहे. तुळस, अडुळसा, गुळवेल, कोरफड ही मंडळी तर वैद्य नसलेल्यांच्या दारातही सुखाने नांदत. पुढे वाडे गेले, अंगणे गेली. नवी मुंबईसारख्या आखीव नगरात चिकित्सालय म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरील एक गाळा, आणि अंगण म्हणजे त्या गाळ्यासमोरील पाच-सहा फुटांची फरसबंद जागा. तरीही आपल्यापैकी अनेक वैद्यबंधू-भगिनींनी त्या तुटपुंज्या जागेत कुंड्या मांडल्या आहेत आणि औषधी वनस्पतींशी असलेले नाते सोडलेले नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र या कुंड्यांकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो, त्यांच्याकडून कोणती अपेक्षा ठेवतो, याविषयी स्पष्टपणे लिहिण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते. प्रारंभ आमच्याच एका चुकीने करणे उचित होईल.

आमच्या दारातला ‘वेलदोडा’

आमच्या चिकित्सालयाच्या दाराशी एका मोठ्या कुंडीत एक देखणे झाड सहा वर्षे उभे होते. रस्त्याकडेच्या रोपवाटिकेतून ते ‘वेलदोडा’ म्हणून आणले होते. लांब, अरुंद, तुकतुकीत पाने. पान चुरगळले की मसाल्यासारखा सुगंध. आम्ही त्याला ‘एला’ अशी सुबक पाटी लावली. येणारे रुग्ण कौतुकाने पान चुरगळून वास घेत, मुलांना दाखवीत. सितोपलादि आणि तालीसादि चूर्णांतील एला ती हीच, असे आम्हीही अभिमानाने सांगत असू. आंतरवासीय विद्यार्थी आले की त्यांच्या वहीत त्या झाडाचे चित्र जाई.

सातव्या पावसाळ्यात झाडाला फुलोरा आला. तो पानांच्या शेंड्यावर आला. पांढरी फुले आणि मधल्या पाकळीवर पिवळ्या रंगात तांबड्या रेघा. आम्ही आनंदात होतो. तेवढ्यात एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, वेलदोड्याचा फुलोरा बुंध्यापासून, जमिनीलगत निघतो ना?” प्रश्न साधा होता आणि उत्तर त्याहून साधे होते. सूक्ष्म एलेचा फुलोरा कंदालगत, बुंध्यातूनच निघतो. पानांच्या शेंड्यावर तो कधीही येत नाही. आमच्या दारातील झाड एला नव्हतेच. ते होते अल्पिनिया कॅल्करेटा, म्हणजे केरळातील वैद्य ज्याचा कंद ‘रास्ना’ म्हणून वापरतात ते द्रव्य.

एकाच कुंडीत दोन धडे मिळाले. पहिला असा की, सहा वर्षे रोज ज्याला पाणी घातले त्याची ओळख आम्हांस नव्हती. दुसरा असा की, ज्या रास्नेच्या संदिग्धतेवर आम्ही परीक्षेत पाने भरून लिहिले, तिचा एक दावेदार आमच्या दारात उभा असताना आम्ही त्याला ओळखले नाही. पाटी त्याच दिवशी काढली. तथापि सहा वर्षांत जे शेकडो लोक चुकीची ओळख घेऊन गेले, त्यांना परत बोलावता येत नाही. हा लेख काही अंशी त्या ऋणाची फेड आहे.

एकच कुळ, अनेक गोंधळ

आर्द्रक कुळ हे आपल्या द्रव्यगुणशास्त्रातील एक महत्त्वाचे कुळ आहे. सुंठ, हळद, वेलदोडा, आंबेहळद, कचोरा, कपूरकचरी, कुलंजन, सोनटक्का ही सर्व त्याची संतती. पेव हा त्याचा निकटचा भाऊबंद. यांतील बहुतेकांचा उपयुक्तांग कंद आहे आणि बहुतेक आपल्याकडे चकत्या किंवा तुकडे होऊन, वाळून येतात. तुर्भे येथील मसाला बाजारातून असो वा काष्ठौषधींच्या व्यापाऱ्याकडून असो, पोत्यातून निघालेला तुकडा तपकिरी, सुरकुतलेला आणि थोडाफार सुगंधी असतो. वाळलेल्या अवस्थेत हे सारे एकमेकांचे जुळे भाऊ वाटतात.

नावांनी या गोंधळात भर घातली आहे. शटी घ्या. च्यवनप्राशाच्या चरकोक्त पाठात शटी आहे. आयुर्वेदिक फार्माकोपियाने शटी म्हणून हेडिकियम स्पायकेटम, म्हणजे हिमालयातील कपूरकचरी स्वीकारली आहे आणि कर्चूर म्हणून कचोरा वेगळा सांगितला आहे. केरळात मात्र शटीच्या जागी केम्फेरिया गलंगा हा जमिनीला चिकटून वाढणारा लहान कंद वापरण्याचा प्रघात आहे. बाजारात ‘कचोरा’ आणि ‘कपूरकचरी’ ही नावे किती सहजपणे अदलाबदल होतात, हे खरेदी करणाऱ्यांस सांगावयास नको.

रास्नेची कथा अधिकच गंभीर आहे. चरकसंहितेच्या अग्र्यसंग्रहात वातहर द्रव्यांत रास्नेला अग्रस्थान दिले आहे. ते स्थान ज्या द्रव्याचे, ते द्रव्य कोणते? फार्माकोपियाने प्लुचिया लँसिओलाटा या वनस्पतीची पाने स्वीकारली. बंगालात व्हँडा या झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीची मुळे वापरली गेली. दक्षिणेत अल्पिनियाचे कंद. पान, मूळ आणि कंद! उपयुक्तांगही एक नाही. उत्तरेतील पाठ आणि दक्षिणेतील पाठ यांचे नाव एक असले, तरी आतील रास्ना एक नसते.

पेवाची गोष्ट आणखी निराळी. पावसाळ्यात कोकणात जागोजागी दिसणारे, मळसूत्राप्रमाणे वळत जाणारे, लाल कणसावर पांढरी फुले धारण करणारे हे झाड. याला मराठीत काही ठिकाणी ‘पुष्करमूळ’ म्हणतात. शास्त्रोक्त पुष्करमूळ म्हणून स्वीकारलेली वनस्पती इन्यूला रेसिमोसा. ती हिमालयाच्या थंड प्रदेशातली आणि सर्वस्वी दुसऱ्या कुळातली. याउलट पेव आपल्या ग्रंथांतील केबुक होय. त्यातच पेवाचे प्रचलित शास्त्रीय नाव कॉस्टस, आणि कुष्ठाच्या शास्त्रीय नावातही कॉस्टस हा शब्द आहे. एका पेवावर अशी तीन द्रव्यांची छाया पडलेली आहे.

येथे खरा प्रश्न रुग्णाचा आहे. औषध लागू पडले नाही की आपण पथ्य, मात्रा, काल, अनुपान यांचा विचार करतो. रुग्णाने अपथ्य केले असावे, असा तर्क लावतो. दिलेले द्रव्य तेच होते का, हा प्रश्न शेवटी येतो, अथवा येतच नाही.

जुन्यांनी काय केले

ही अडचण आजची नाही. सोळाव्या शतकात गोव्यात वैद्यकी करणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा, ज्याच्याकडे त्या काळी मुंबई बेटाचा पट्टा होता, त्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात आले, हळद, वेलदोडा यांच्यासोबत कुलंजनाचीही चर्चा केली. चीनकडून येणारा लहान, अधिक सुगंधी प्रकार आणि जावाकडील मोठा प्रकार, असे दोन कुलंजन त्याने वेगळे सांगितले. व्यापारात एका नावाखाली येणारे दोन जिन्नस वेगळे करून दाखवणे, हे काम साडेचारशे वर्षांपूर्वीच आवश्यक झाले होते.

शतकभराने मलबारात ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध झाला; तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्या कामात केरळीय वैद्य इट्टी अच्युतन यांच्यासोबत रंग भट, विनायक पंडित आणि अपू भट या तीन कोंकणी वैद्यांचा सहभाग होता. त्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेले आहे. या मंडळींनी केवळ पोथी वाचून नावे लावली नाहीत. ताजी, सपर्ण, सपुष्प वनस्पती समोर ठेवून तिचे नाव सांगितले आणि चित्रकाराने ती चितारली. वेलदोड्याचे आजचे शास्त्रीय नाव एलेटेरिया हे त्याच ग्रंथातील मल्याळी नावावरून आलेले आहे. आपल्या भूमीतील वैद्यांची ओळख जगाने अशा रीतीने प्रमाण मानली. त्यांच्या हातात जिवंत झाड होते, हेच त्यामागील कारण.

आपल्या हातात आज काय आहे? पोत्यातील तुकडा आणि पावतीवरील नाव. पनवेल ही १८७२ पासून औषधनिर्मितीची परंपरा सांगणारी भूमी आपल्या उंबरठ्यावर आहे. नेरुळसारख्या ठिकाणी आयुर्वेद महाविद्यालय आहे. महाविद्यालयांना औषधी उद्यान ठेवावेच लागते. परंतु पदवी घेऊन बाहेर पडलेला वैद्य त्या उद्यानात पुन्हा किती वेळा जातो? वनस्पतीची ओळख ही एकदा पाठ करून कायम टिकणारी गोष्ट नव्हे. कोंब, पान, फुलोरा, फळ, सुप्तावस्था, अशा सर्व अवस्थांत तिला पाहावे लागते. त्यासाठी ती रोज डोळ्यांसमोर असावी लागते.

‘प्रयोगशाळा आहे ना?’

औषधनिर्माते बंधू म्हणतील की, आता प्रयोगशाळा आहेत. सूक्ष्मदर्शक आणि वर्णलेखन यांनी द्रव्याची परीक्षा होते. कुंडीची काय आवश्यकता? प्रयोगशाळेचे महत्त्व आम्ही मुळीच कमी लेखत नाही. जून २००० मध्ये अनुसूची ‘टी’ आल्यापासून उत्तम निर्मितिपद्धतीचे बंधन आपणांवर आहे आणि ते योग्यच आहे. लेबलवर घटकद्रव्यांची नावे वनस्पतिशास्त्रीय नावांसह द्यावी लागतात. पण लेबलवर अल्पिनिया गलंगा असे छापणाऱ्या मालकाने ती वनस्पती कधी पाहिली आहे काय? प्रयोगशाळेत तुलना करण्यासाठी प्रमाण नमुना लागतो. तो नमुनाच जर बाजारातून ‘हेच ते’ या विश्वासाने आणला असेल, तर चुकीची तुलना चुकीशी होऊन दोन्ही बरोबर ठरतात. ज्या झाडाला आपल्यासमोर फूल आले, ज्याची ओळख जाणकाराने त्या फुलावरून पटवली, त्याच झाडाचा कंद धुऊन, चिरून, वाळवून काचेच्या बरणीत ठेवला, तर तो खरा प्रमाण नमुना. असा नमुना देणारी कुंडी ही औषधालयाच्या परीक्षण-विभागाचाच एक भाग समजावी, असे आमचे प्रांजळ मत आहे.

काय लावावे, काय लावू नये

नवी मुंबईची हवा उष्ण, दमट; पावसाचे चार महिने धुवाधार आणि नंतर आठ महिने जवळजवळ कोरडे. हे हवामान ज्यांस मानवते, तेच लावावे. आमच्या अनुभवाने पाच झाडे पुरेशी आहेत.

पहिले कुलंजन, आपल्याकडचे कोष्ठकोळिंजन, अल्पिनिया गलंगा. पुरुषभर उंच वाढते, बारमाही हिरवे राहते. शेंड्यावर हिरवट पांढऱ्या फुलांचा मोठा फुलोरा येतो. पहिल्या वर्षी फुलाची अपेक्षा ठेवू नये. आवाज बसलेल्या गायकाला आपण ज्याचा तुकडा तोंडात धरावयास देतो, ते हे. दुसरे, ज्याने आमची फजिती केली ते अल्पिनिया कॅल्करेटा. ते कुलंजनाच्या शेजारीच ठेवावे, म्हणजे रुंद पान आणि अरुंद पान यांतील भेद नित्य दिसेल. तिसरा कचोरा, याच्या पानाच्या मध्यशिरेलगत जांभळट पट्टा असतो आणि फुलोरा उन्हाळ्याच्या अखेरीस, पाने येण्यापूर्वी, थेट जमिनीतून वर येतो. त्याच्या बाजूस हळदीची एक कुंडी असली, तर हळदीचे कणीस पानांच्या मधून निघते हा फरक आपोआप लक्षात राहतो. चौथा सोनटक्का, हा शटीचा सख्खा भाऊ असल्याने शटीचे रूप समजण्यास उपयोगी. मात्र त्याला शटी समजू नये. पाचवा पेव, याच्या पानांना सुगंध नाही आणि ती खोडाभोवती एकाच गोल वळणाने चढत जातात, तर वरील चारही झाडांची पाने दोन समोरासमोरच्या रांगांत असतात. एवढा एक भेद मनात ठसला, तरी अर्धा गोंधळ संपतो.

आंबेहळद ज्यांना लावावयाची आहे त्यांनी अवश्य लावावी. परंतु या नावाने बाजारात एकाहून अधिक कंद येतात. कापल्यावर कैरीचा स्पष्ट गंध येतो, ती कुर्कुमा अमाडा. तो गंध नसेल, तर दुसऱ्या कोणत्या कंदाला ते नाव दिले आहे, याचा शोध घ्यावा.

कपूरकचरी आणि मोठी वेलची यांचा हट्ट धरू नये. ती थंड डोंगराळ प्रदेशातील झाडे आहेत. आपल्या मे महिन्यात ती टिकत नाहीत. खरा वेलदोडा सावलीत, आर्द्रतेत पाने धरून राहील, पण त्याला येथे बोंडे लागण्याची आशा नाही. फूल व फळ न दाखवणारे झाड ओळखीसाठी अपुरे, हे विसरू नये. आमची चूक नेमकी तेथेच झाली होती.

या वनस्पती मिळवताना एक पथ्य पाळावे. पावसाळ्यात कर्नाळ्याच्या वा अन्य डोंगरांत गेल्यावर कंद उपटून आणण्याचा मोह होतो. कर्नाळा हे १९६८ पासून अभयारण्य आहे आणि तेथून काहीही उपटणे कायद्याने निषिद्ध आहे. वैद्याने तर ते धर्म म्हणूनही करू नये. कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिका, महाविद्यालयांची उद्याने आणि ज्यांच्याकडे ओळख पटलेले झाड आहे असे आपले सभासद, हेच योग्य मार्ग.

कुंडीचे शास्त्र

या उंच झाडांना कुंडीत वाढवणे कठीण नाही. पण तुळशीच्या कुंडीचे गणित येथे चालत नाही. हे कंद खोल जात नाहीत, आडवे पसरतात. म्हणून कुंडी उंच असण्यापेक्षा रुंद असावी. तोंड दीड ते दोन फूट तरी हवे. निळे प्लास्टिकचे पिंप आडवे कापून दोन भाग केल्यास कुलंजनास उत्तम सोय होते. त्यापूर्वी त्यात कोणते रसायन होते, याची खात्री करून ते स्वच्छ धुवावे. खात्री नसेल तर ते पिंप घेऊच नये. तळाशी आणि बाजूस भरपूर भोके पाडावीत.

वजनाचा विचार आधी करावा. शंभर लिटरचे अर्धे पिंप ओल्या मातीने भरले की सव्वाशे किलोच्या घरात जाते. ते बाल्कनीच्या कठड्यावर किंवा खिडकीच्या जाळीत ठेवणे म्हणजे खालून जाणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. तळमजल्यावर, भिंतीलगत, विटांवर ठेवावे. गच्चीवर ठेवावयाचे असल्यास सोसायटीची अनुमती घ्यावी आणि कुंडी जमिनीपासून वर उचललेली असावी, म्हणजे पाणी मुरल्याची तक्रार येणार नाही.

माती हलकी हवी. लाल माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, आणि नारळाच्या काथ्याचा भुसा समभाग घेऊन त्यात थोडी जाड वाळू व मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. खाडीलगतच्या भरावाची माती वापरू नये, तिच्यात क्षार असतात. कूपनलिकेचे पाणी खारट असेल, तर पानांची टोके करपून तपकिरी होतात. अशा वेळी नळाचे पाणी द्यावे आणि पावसाळ्यात कुंडी उघड्यावर ठेवून क्षार वाहून जाऊ द्यावेत.

लागवडीचा काळ आपल्या शेतकऱ्यांनी ठरवलेलाच आहे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हळदीचे बेणे जमिनीत जाते. आपणही चैत्र-वैशाखात, दोन-तीन डोळे असलेला कंदाचा तुकडा दोन-अडीच इंच खोल लावावा. कोंब दिसेपर्यंत पाणी बेताने द्यावे. जून उजाडला की झाड स्वतःच वेग घेते. या चार महिन्यांत खरा शत्रू म्हणजे तुंबलेले पाणी. निचरा बिघडला की कंदकूज होते, पाने खालून पिवळी पडतात आणि कोंब हाताने ओढताच उपटून येतो. असे झाड औषधाने सुधारत नाही. निरोगी भाग कापून, कोरडा करून, नव्या मातीत लावावा. कुंडीखाली बशी मुळीच ठेवू नये. साठलेल्या पाण्यात डास होतात. रुग्णाला डेंग्यूची लक्षणे समजावणाऱ्या वैद्याच्याच दारात डासांची पैदास होणे शोभत नाही.

उन्हाचे प्रमाण सकाळचे तीन-चार तास, नंतर सावली, असे असावे. मार्च ते मे हिरव्या जाळीची सावली द्यावी. श्रावणातील वाऱ्याने उंच खोडे कलतात. ती सैल दोरीने एकत्र बांधावीत. अल्पिनिया व सोनटक्का यांचे फूल येऊन गेलेले खोड पुन्हा फुलत नाही; ते बुंध्याशी कापावे, म्हणजे नव्या कोंबांस जागा मिळते. दर दोन वर्षांनी, पावसाच्या तोंडावर, कुंडी मोकळी करून कंदाचे भाग करावेत. हे टाळले तर कंद कुंडीच्या भिंतीला भिडतो आणि प्लास्टिकची कुंडी अक्षरशः फुटते.

एक सूचना विशेषकरून. दिवाळीनंतर हळद, कचोरा व पेव पिवळे पडू लागतात आणि माघापर्यंत जमिनीच्या वर काही उरत नाही. झाड मेले असे समजून सफाई करणारी व्यक्ती कुंडी रिकामी करते. आमच्याकडेही एकदा असे घडले आहे. ही त्या कंदांची निद्रा आहे. पाणी थांबवावे, कुंडी सावलीत सरकवावी आणि तीवर ‘कंद जिवंत आहे’ अशी चिठ्ठी लावावी. कुलंजन मात्र झोपत नाही. त्याला बारमाही पाणी हवे. हा भेदसुद्धा ओळखीचाच एक भाग आहे.

कुंडी म्हणजे औषधालय नव्हे

काही सभासद उत्साहाने म्हणतात की, आपले औषध आपणच पिकवू. या विचारामागील भावना आदरणीय आहे, पण आम्ही तिच्याशी सहमत नाही. साधे गणित पाहावे. मोठ्या कुंडीत चांगली निगा राखून एक किलो ओली हळद मिळाली असे धरले, तरी शिजवून वाळवल्यावर ती साधारण पंचमांश, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. एका औषधालयाच्या एका घाण्यासही ती पुरणार नाही. शिवाय रस्त्याकडेच्या कुंडीवर वाहनांचा धूर आणि धूळ रोज बसते, पाण्याचा भरवसा नसतो, कंदाच्या परिपक्वतेची खात्री नसते. असे द्रव्य रुग्णास देणे आम्हांस संमत नाही. उत्पादन हे सांगली, वसमत यांसारख्या भागांतील शेतकऱ्यांचे काम आहे. ते ज्ञानाने आणि कष्टाने ते करीत आहेत. आपले काम त्यांच्याकडून आलेले द्रव्य ओळखून घेण्याचे आहे. शेजारणीने श्रावणात पातोळ्यांसाठी हळदीची दोन पाने मागितली, तर स्वच्छ धुऊन जरूर द्यावीत. चूर्णाच्या बरणीत मात्र कुंडीतील कंद जाऊ नये. बरणीत ठेवावयाचा तो प्रमाण नमुनाच, आणि त्यावर ‘वापरासाठी नाही’ असे लिहिलेले असावे.

पाटी लिहिण्यापूर्वी

शेवटी पुन्हा त्या पाटीकडे येतो. पाटी नसलेली कुंडी कोणाची दिशाभूल करीत नाही. चुकीच्या पाटीची कुंडी वर्षानुवर्षे करीत राहते, आणि ती वैद्याच्या दारात असल्याने तिच्यावर लोक विश्वासही ठेवतात. म्हणून आमचा आग्रह असा की, झाडाला फूल येऊन त्याची ओळख पक्की होईपर्यंत पाटीवर नावापुढे प्रश्नचिन्ह लिहावे. त्यात कमीपणा नाही. फूल आले की त्याचे, पानाचे व कंदाचे स्पष्ट छायाचित्र काढावे, फुलासह एक फांदी दाबून वाळवावी आणि जाणकारास दाखवावी. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे, जवळच्या महाविद्यालयांत द्रव्यगुणाचे अध्यापक आहेत. त्यांना विचारण्यात संकोच बाळगू नये. ओळख पटली की पाटीवर संस्कृत नाव, मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि ओळख कोणत्या वर्षी पटली ते लिहावे. एवढे केल्यावर प्रश्नचिन्ह पुसावे.

सभासदांस आमची एक विनंती आहे. प्रत्येकाने पाचही झाडे ठेवण्याची आवश्यकता नाही. वाशीच्या एकाने कुलंजन, नेरुळच्या दुसऱ्याने कचोरा, खारघरच्या तिसऱ्याने पेव असे वाटून घेतले आणि दर वैशाखात, कंद विभागण्याच्या वेळी, ओळख पटलेल्या बेण्याची देवाणघेवाण केली, तर दोन-तीन वर्षांत आपल्या शहरात ओळखीची एक साखळी उभी राहील. औषधनिर्मात्यांनी आपल्या खरेदी-विभागातील कर्मचाऱ्यांस वर्षातून दोनदा, एकदा भाद्रपदात फुले असताना आणि एकदा माघात कंद काढताना, या कुंड्यांपुढे उभे करावे. पोत्यातील तुकडा हातात घेताना त्यांच्या डोळ्यांसमोर ते झाड यावे, एवढाच हेतू.

आमच्या दारातील ते झाड आजही आहे. त्याच्या नव्या पाटीवर ‘अल्पिनिया कॅल्करेटा – केरळातील वैद्यांची रास्ना’ असे लिहिले आहे आणि खाली लहान अक्षरांत ‘पूर्वी येथे चुकून एला असे लिहिले होते’ अशी ओळ आहे. ती ओळ काढून टाकावी, असे अनेकांनी सुचवले. आम्ही ती तशीच ठेवली आहे. रुग्ण ती वाचतात, हसतात आणि मग विचारतात, “मग वेलदोड्याचे झाड कसे असते?” त्या प्रश्नाचे उत्तर आता आम्हांस देता येते.